दुचाकीची निगा : मुळशीचा पाऊस, घाट आणि दुकानाची वही

व्यापारी कुटुंबांत वहीची शिस्त पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. साखरेचे पोते कोणत्या भावाने आले, कोणत्या गावच्या उधारीची मुदत कधी संपते, कोणत्या मालाला घट आली, हे सारे वहीत असते. परंतु ज्या वाहनावर बसून उधारी वसूल होते, ऑर्डर घेतली जाते आणि तातडीचा माल पोहोचविला जातो, त्या दुचाकीचे पान बहुतेक वह्यांत आढळत नाही. पेट्रोल ‘किरकोळ खर्च’ या सदरात जाते, गाडी बंद पडली की गॅरेजचे बिल चुकते केले जाते आणि मागची सर्व्हिसिंग कधी झाली असे विचारले तर दुकानातील चौघे चार निरनिराळी उत्तरे देतात.

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात ही उणीव विशेष जाणवते. चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागले की भूगाव, भुकूम, पिरंगुट, घोटावडे फाटा अशी गावे लागतात आणि मग तालुक्याचे ठाणे पौड येते. पुढे मुळशी धरणाच्या जलाशयाला वळसा घालीत रस्ता ताम्हिणी घाटाने रायगड जिल्ह्यात उतरतो. रस्त्यालगतच्या बाजारपेठांत किराणा, कापड, औषधे, हार्डवेअर आणि इमारतीचे सामान विकणाऱ्या दुकानांची रांग वाढते आहे. त्यांचे गिऱ्हाईक मात्र आडवाटेच्या गावांत आणि वाड्यावस्त्यांत विखुरलेले आहे. तेथवर टेम्पो रोज पाठविणे परवडत नाही, म्हणून मोटारसायकल हेच या व्यापाराचे पाऊल ठरते. चढ, उतार, धूळ आणि धो-धो पाऊस या चारही गोष्टी तिला एकाच वर्षात सोसाव्या लागतात.

सवय कोठे हरवली?

दुचाकीची निगा राखण्याची सवय पूर्वी अधिक होती, असे जुनी माणसे सांगतात. त्यात तथ्य आहे आणि त्याचे कारण गाडीच्या यंत्रातच सापडते. अहमदनगरच्या फिरोदिया कुटुंबाच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये लूना बाजारात आणली. आकुर्डीच्या बजाज ऑटोची चेतक स्कूटरही त्याच वर्षीची. या दोन्ही गाड्यांची इंजिने टू-स्ट्रोक होती. त्यांत इंजिनाचे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागे आणि ते पेट्रोलबरोबर जळून जाई. त्यामुळे प्रत्येक वेळी पेट्रोल भरताना ऑइलची आठवण आपोआप होत असे. प्लगवर काजळी धरली की गाडी चालू होत नसे, म्हणून प्लग काढून घासून बसविणे हे घरातील पुरुषांना येणारे काम होते. गाडी कटकट करीत असे आणि त्या कटकटीमुळेच तिच्याकडे लक्ष राहत असे.

१९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० ही फोर-स्ट्रोक मोटारसायकल आली. टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा आशयाच्या तिच्या जाहिरातीने एका पिढीला भुरळ घातली. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली आणि खेडोपाडी पोहोचली. जाहिरातीतील विसरणे पेट्रोलपुरते होते. लोकांनी ते संपूर्ण गाडीला लागू केले. फोर-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलबरोबर जळत नाही. ते इंजिनाच्या तळाशी साठून राहते, तेच पुनःपुन्हा फिरते, तापते, काळे पडते आणि हळूहळू आपला गुण गमावते. गाडी मात्र चालतच राहते, कुरकुर करीत नाही. ज्या घरांनी लूना आणि चेतक सांभाळली, त्या घरांना इंजिनाचे ऑइल ठरावीक मुदतीने काढून बदलायचे असते हा धडा पुरता मिळालाच नाही. आजोबांनी तसे कधी केले नव्हते, कारण त्यांच्या गाडीला त्याची गरजच नव्हती.

मुदत किलोमीटरची आणि दिवसांची

नवी गाडी घेतल्यावर पहिली सर्व्हिसिंग साधारण ५०० ते १,००० किलोमीटरच्या दरम्यान करावयाची असते. नव्या इंजिनाचे भाग एकमेकांवर घासून बसत असतात आणि त्यांतून निघणारा धातूचा बारीक कीस ऑइलमध्ये उतरतो. म्हणून हे पहिले ऑइल लवकर बदलावे लागते. त्यानंतरची मुदत मॉडेलप्रमाणे ठरते. रोजच्या वापराच्या बहुतेक मोटारसायकलींना ती ३,००० ते ६,००० किलोमीटरच्या दरम्यान असते. साडेतीनशे सीसीच्या काही नव्या गाड्यांत ऑइल १०,००० किलोमीटरपर्यंत चालते, परंतु त्यांचीही मधली तपासणी चुकवायची नसते. नेमका आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत छापलेला असतो. ही पुस्तिका बहुधा प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरच निघत नाही.

त्या पुस्तिकेत किलोमीटरच्या आकड्याबरोबर दिवसांचा किंवा महिन्यांचाही आकडा असतो आणि ‘यांपैकी जे आधी होईल ते’ अशी सूचना असते. व्यापारी माणसाला ही अट नवी नाही. औषधाच्या दुकानात मालाची मुदत तारखेने संपते, माल खपला की नाही यावर ती अवलंबून नसते. ऑइलचेही तसेच आहे. दुकान ते गोदाम, गोदाम ते बँक अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापत नाही. आत धरलेला ओलावा आणि न जळलेल्या पेट्रोलचा अंश उडून जाण्याऐवजी ऑइलमध्ये उतरतो. त्यामुळे कमी पळालेल्या गाडीचे ऑइल चांगलेच असणार, हा समज चुकीचा ठरतो. घरातील लेकी-सुना शाळा, भाजी, दवाखाना यांसाठी जी स्कूटर वापरतात, तिला किलोमीटरपेक्षा दिवसांची मुदतच अधिक लागू पडते.

ऑइल कोणते घालावे, यालाही नियम आहे. मोटारसायकलीचा क्लच बहुधा इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-टू’ असे लिहिलेले दुचाकीचे ऑइल घ्यावे. मोटारीसाठी आणलेले उरलेले ऑइल दुचाकीत ओतले तर क्लच घसरू लागतो. घट्ट ऑइल म्हणजे चांगले ऑइल, ही समजूतही खरी नव्हे. पुस्तिकेत जी ग्रेड दिली असेल तीच योग्य.

मुळशीत पुस्तिका अपुरी पडते ती येथे

पुस्तिकेतील आकडे सामान्य रस्त्यांचे असतात. पुणे शहरात वर्षाकाठी सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शहरापासून पश्चिमेकडे जावे तसा तो वेगाने वाढत जातो आणि ताम्हिणीपर्यंत त्याचे प्रमाण कित्येक पटींनी मोठे होते. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीला चोवीस तासांत साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. म्हणजे शहराच्या वर्षभराच्या पावसाचा मोठा हिस्सा तेथे एका दिवसात कोसळला. अशा मुलखात चिखलपाण्यातून रोज फिरणाऱ्या गाडीला शहरातल्या गाडीची मुदत लावणे म्हणजे तळघरातल्या मालाला माळ्यावरच्या मालाचे नियम लावण्यासारखे आहे.

पावसाचा पहिला घाव चेनवर बसतो. पाण्याने तिच्यावरचे वंगण धुऊन जाते, चिखलाची वाळू कड्यांत शिरते आणि चेन, तसेच तिची दोन्ही दातेरी चक्रे, भराभर झिजतात. एरवी सुमारे ५०० किलोमीटरला चेन पुसून ऑइल लावले तरी चालते; पावसाळ्यात हे काम आठवड्याला करावे. चेनच्या मध्यभागी बोटाने वर-खाली करून पाहिले असता साधारण दोन ते तीन सेंटिमीटर ढिलाई असावी. अधिक ढिली चेन निसटते, फार ताणलेली चेन बेअरिंग खाते.

दुसरा घाव एअर फिल्टरवर. उन्हाळ्यात खाणी आणि बांधकामांच्या धुळीने तो चोंदतो, पावसात ओल धरतो. इंजिनाला हवा कमी मिळाली की पेट्रोल अधिक जळते आणि गाडीचा दम कमी होतो. फोमचा फिल्टर धुता येतो. तेलकट कागदी फिल्टर मात्र हवा मारून स्वच्छ करावयाचा नसतो, तो मुदतीने बदलावा लागतो. एप्रिल २०२० पासून बीएस-सहा नियम लागू झाले आणि बहुतेक गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. अशा गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागून राहिला तर अंदाजाने स्क्रू फिरवू न देता, तपासणीचे यंत्र असलेल्या ठिकाणीच ती न्यावी.

उतारावरचा ब्रेक

तिसरा आणि सर्वांत गंभीर विषय ब्रेकचा. स्वस्त मोटारसायकलींना बहुधा ड्रम ब्रेक असतात. ड्रममध्ये पाणी आणि चिखल शिरला की पहिल्या दाबाला ब्रेक पुरेसा लागत नाही. म्हणून साचलेल्या पाण्यातून गाडी बाहेर काढल्यावर थोडे अंतर ब्रेक हलका दाबून तो सुकवून घ्यावा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना एकत्रित ब्रेक किंवा एबीएस, आणि त्याहून मोठ्या गाड्यांना एबीएस बंधनकारक झाले. एकत्रित ब्रेकमध्ये मागचा पेडल दाबला की पुढचाही ब्रेक काही प्रमाणात लागतो. त्याची तार सैल असेल तर ही सोय केवळ कागदावर राहते. सर्व्हिसिंगच्या वेळी ती मुद्दाम तपासून घ्यावी.

घाटरस्त्यावर एक जुनी सवय अजूनही दिसते. उतार लागला की पेट्रोल वाचावे म्हणून गाडी न्यूट्रल करावयाची, काही जण तर इंजिनच बंद करतात. ही काटकसर फसवी आहे. फ्युएल इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत गिअर टाकून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजिनाला जाणारे पेट्रोल जवळजवळ थांबते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते पेट्रोल जळतच राहते. म्हणजे वाचवायला गेलेले पेट्रोल प्रत्यक्षात वाचत नाही. त्याहून मोठा तोटा असा की, गिअर काढल्यावर इंजिनाचा आवर नाहीसा होतो आणि गाडीचा, स्वाराचा आणि मागे बांधलेल्या पोत्याचा सारा भार ब्रेकवर येतो. सतत दाबलेला ब्रेक तापतो आणि तापलेला ब्रेक नेमका वळणावर कमी पडतो. ज्या गिअरने चढ चढला जातो, साधारण त्याच गिअरने उतरावे, हा नियम घाटातील प्रत्येक चालकाला ठाऊक असावा.

ब्रेक शूची जोडी काही शे रुपयांची वस्तू आहे. पिरंगुटहून दूरच्या वाडीवर माल पोहोचवून रात्री पावसात परतणारा मुलगा घरचा असो की दुकानातला कामगार, त्याचा जीव त्या काही शे रुपयांवर अवलंबून असतो. अनेक पेढ्यांत मालकाची मोटार तारखेला सर्व्हिसिंगला जाते आणि कामगाराच्या हातची दुचाकी बंद पडेपर्यंत चालविली जाते. कामगार गाडीबद्दल तक्रार करायला संकोचतो. कधी बिलाची भीती असते, कधी मालक रागावतील अशी धास्ती. ब्रेक उशिरा लागतो, असे त्याने सांगितले तर त्याच दिवशी गाडी गॅरेजला जावी, हा नियम पेढीने स्वतःवर घालून घेतला पाहिजे. चढ्या टायरचेही तेच. टायरच्या खाचांच्या तळाशी झिजेची खूण म्हणून बारीक उंचवटे दिलेले असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की ओल्या रस्त्यावर त्याचा भरवसा संपला.

खर्चाचा ताळा

निगा राखणे महाग पडते, ही तक्रार नेहमी ऐकू येते. तिचा हिशेब मांडून पाहावा. उदाहरणादाखल शंभर सीसीची एक गाडी महिन्याला १,००० किलोमीटर, म्हणजे वर्षाला १२,००० किलोमीटर चालते आणि दर ३,००० किलोमीटरला तिची सर्व्हिसिंग होते, असे धरू. पुढील रकमा सर्वसाधारण अंदाजाच्या आहेत. गाव, मॉडेल आणि गॅरेज यांप्रमाणे त्या कमी-अधिक होतील.

चार सर्व्हिसिंग, प्रत्येकी ऑइल ४०० रुपये, मजुरी ४०० रुपये व किरकोळ २०० रुपये : ४,००० रुपये
एअर फिल्टर व प्लग, वर्षातून एकदा : ३०० रुपये
पुढचे-मागचे ब्रेक शू : ५०० रुपये
चेन-किट, दोन वर्षांतून एकदा, वर्षाचा वाटा : ६०० रुपये
टायरची जोडी, वर्षाचा वाटा : १,६०० रुपये
बॅटरी, वर्षाचा वाटा : ४०० रुपये

एकूण ७,४०० रुपये, म्हणजे किलोमीटरला सुमारे ६२ पैसे. आता पेट्रोल पाहावे. गाडी लीटरला ५० किलोमीटर अ‍ॅव्हरेज देते आणि पेट्रोल सोयीसाठी १०० रुपये लीटर धरले, तर वर्षाला २४० लीटर आणि २४,००० रुपये लागतात. देखभालीचा खर्च पेट्रोलच्या एक तृतीयांशाहूनही कमी आहे.

निगा न राखलेल्या गाडीचा ताळा वेगळा येतो. चोंदलेला फिल्टर, कमी हवेचे टायर, अडकणारा ब्रेक आणि जुने ऑइल यांमुळे अ‍ॅव्हरेज ५० वरून ४२ वर आले, तर वर्षाला सुमारे ४५ लीटर पेट्रोल जास्त जळते. ही रक्कम साडेचार हजारांच्या घरात जाते; म्हणजे चारही सर्व्हिसिंगचे मिळून जेवढे बिल झाले असते, त्याहून अधिक. ती एकरकमी द्यावी लागत नाही, पंपावर थोडी थोडी जाते, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. पुढे ऑइल कमी पडून बोअर-पिस्टनचे काम निघाले की पाच-आठ हजार रुपये सहज लागतात आणि गाडी काही दिवस गॅरेजमध्ये अडकते. त्या दिवसांत चुकलेल्या वसुलीचा हिशेब वेगळाच.

नव्या गाडीच्या मोफत सर्व्हिसिंगविषयीही गैरसमज आहे. मोफत असते ती मजुरी. ऑइल आणि बदललेले भाग यांचे पैसे द्यावे लागतात. तरीही ती मुदतीत करून घ्यावी, कारण ती चुकविल्यास वॉरंटीचा दावा अडचणीत येऊ शकतो. वॉरंटी संपल्यावर परिसरातील विश्वासू मिस्त्रीकडे जाण्यास हरकत नाही. मात्र तक्रार कागदावर लिहून द्यावी, काढलेला जुना भाग पाहावा आणि बिल घ्यावे. काढलेले काळे ऑइल ओढ्यात वा गटारात ओतले जात नाही ना, एवढे विचारणे हेही गिऱ्हाइकाचे काम आहे. मुळशीचे ओढे पुढे मुळा-मुठेलाच मिळतात.

करांच्या बाजूनेही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दुचाकीच्या देखभाल-बिलावरील जीएसटीचे इनपुट क्रेडिट सर्वसाधारणपणे मिळत नाही. परंतु जो व्यापारी नियमित हिशेब ठेवून उत्पन्न दाखवितो, त्याला धंद्यासाठी वापरलेल्या गाडीची देखभाल खर्चात धरता येते; त्यासाठी बिल हवे. अनुमानित उत्पन्नाची योजना स्वीकारणाऱ्यास हा खर्च निराळा दाखविता येत नाही. नेमकी बाब आपल्या करसल्लागाराकडून पाहून घ्यावी.

वहीतील नवे पान

उपाय सोपा आहे आणि तो व्यापारी घराला शिकवावा लागत नाही. दुकानाच्या वहीत प्रत्येक गाडीचे एक पान उघडावे. तारीख, किलोमीटरचा आकडा, केलेले काम, बदललेला भाग, रक्कम आणि पुढची मुदत असे सहा रकाने पुरेत. त्याच पानाच्या माथ्यावर विमा आणि पीयूसीच्या तारखा लिहाव्यात. बीएस-चार आणि त्यापुढील गाड्यांची पीयूसी वर्षभर चालते. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र अनेकदा वर्षाचाच असतो आणि पाच वर्षांच्या भरवशावर राहून तो नकळत संपतो.

मुळशीसाठी वर्षाच्या चार खुणा सोयीच्या पडतात. मे महिन्याच्या अखेरीस, पावसापूर्वी : ब्रेक, टायर, दिवे आणि तारा यांची कसून तपासणी. ऑगस्टमध्ये, भर पावसात : चेन, ब्रेकचे ड्रम आणि चाकांचे बेअरिंग. दिवाळीच्या सुमारास, पाऊस ओसरल्यावर : पूर्ण सर्व्हिसिंग, गंजलेले भाग आणि बॅटरी. फेब्रुवारीत, धुळीचे दिवस सुरू होताना : फिल्टर, प्लग आणि ऑइल. महिन्याला हजार किलोमीटर पळणाऱ्या गाडीची तीन हजारांची मुदतही याच महिन्यांत भरते. अधिक पळणाऱ्या गाडीने किलोमीटर पाहावा, कमी पळणाऱ्या गाडीने महिना.

दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घातला जातो, दिवाळीत नवी वही उघडली जाते. यंदा त्या वहीत गाडीचे पान असावे आणि ते भरण्याचे काम जो ती गाडी रोज चालवितो त्याच्याच हाती द्यावे. ब्रेक कधी तपासला, हे त्याला आपल्या अक्षरात लिहिता आले पाहिजे आणि आठवड्यातून एकदा मालकाने त्याखाली सही केली पाहिजे.